बाबांच्या मनगटाला शोभेल असं घड्याळ

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांच्या सोन्याच्या घड्याळासाठी आईने दोरीने मोजून कळवलेलं मनगटाचं माप मिळालं. वीस सेंटिमीटर! बाबा, नोट प्रेसमधून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण मनगट अजून तालमीतलंच आहे. आई, आणखी एक माप हवंय. त्यांना हात टेबलावर पालथा ठेवायला सांग आणि मनगटाची वरची सपाट रुंदी पट्टीने मोज. घड्याळ बसतं ते तेवढ्याच जागेवर, घेराचा संबंध फक्त पट्ट्याशी.

कॉलेज रोडच्या दुकानात त्यांनी बाबांचा हात बघून लगेच ४४ मिलिमीटर व्यासाचं काढलं म्हणे, आणि बाबांना ते आवडलंही. ते नको. रोजच्या दणकट घड्याळात ४४ खपून जातं. सोन्याचं एवढं मोठं घातलं की कडं घातल्यासारखं दिसतं, आणि कोटाच्या बाहीत शिरत नाही ते वेगळंच. ३९-४० पुरे. फक्त काचेभोवतीची सोन्याची कड बारीक हवी, म्हणजे डायल आपोआप भरदार दिसते. आणि पट्टा अडकवायची वरची-खालची टोकं मनगटाच्या कडेपर्यंत न जाता थोडी आत राहायला हवीत. म्हणून ती सपाट रुंदी.

पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं ‘कॅलाट्राव्हा’ नावाचं पहिलं घड्याळ १९३२ साली आलं, ते जेमतेम ३१ मिलिमीटरचं होतं. २०२३ मध्ये आलेलं रोलेक्सचं ‘१९०८’ ३९चं आहे. दादा आणि मी मिळूनसुद्धा ही आपल्या आवाक्यातली नाहीत, मापाचा अंदाज यावा म्हणून सांगते. आपण टायटनचं नेब्युला बघू, तेही १८ कॅरेटचंच.

हो, १८च. बाबा, तुम्ही २२चं का नाही म्हणून विचारणार, माहीत आहे. २२ मऊ पडतं, त्यावर लगेच चरे येतात. १८ म्हणजे ७५ टक्के सोनं, म्हणून घड्याळाच्या केसवर, म्हणजे यंत्राभोवतीच्या सोन्याच्या खोळीवर, ७५० उमटवलेलं असतं. ते बघून घ्या, नाहीतर नुसता मुलामा असायचा. (स्विस घड्याळांवर सोन्याची खूण म्हणून १९९५पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याचं इवलंसं डोकं उमटवतात. आई हसेल.) आणि सराफ बाजारात जाऊन मोड किती येईल ते विचारू नका. घडणावळीचे पैसे त्यात बुडणारच, दागिन्यात बुडतात त्याहून जास्त.

सोनेरी डायलवर सोनेरी काटे दुकानातल्या दिव्याखाली फार छान दिसतात, पण लग्नाच्या कार्यालयात चष्म्याशिवाय वेळ दिसायची नाही. पांढरी डायल, काळे आकडे, काळे काटे. चावीचं मिळालं तर उत्तम. बाबांची सकाळ एचएमटीला चावी दिल्याशिवाय सुरू होत नाही, तर अजून एकाला देतील.

चामड्याचा पट्टा लांब मापाचा मागायचा, नेहमीचा शेवटच्या भोकात कसाबसा लागेल. उन्हाळ्यात घामाने तो खराब होतो, तेव्हा मे महिन्यातली लग्नं सोडून.

आई, पन्नासाव्या वाढदिवसाच्या तुझ्या पाटल्या झाल्या, आता बाबांची पाळी, तेव्हा ‘कशाला एवढा खर्च’ हे पालुपद नको. शनिवारी येतेय, आपण तिघं जाऊ. बाबांना अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घालू देऊ नकोस. पूर्ण बाह्यांचा घालून कफाची बटणं लावून बघायचंय.

तुमची,
मनू