पाडव्यानंतर मी लगेच का निघाले

१२ एप्रिल २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र लिहायला बसले आहे, कारण हे फोनवर बोलणं मला जमत नाही. बाबांना अजून शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि मी विषयाला हात घातला की आई, तू "ते जाऊ दे, जेवलीस का?" म्हणतेस. म्हणून लिहिते. आई, हे तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव. एका बैठकीत नको, ते थकतील. दोन-तीन दिवस लागले तरी चालेल.

पाडव्याला बाबा वॉकर धरून खाटेपासून गुढीपर्यंत चालत आले. आठ पावलं. आपण तिघंही रडलो. आणि त्यानंतर नवव्या दिवशी मी बॅग भरून निघाले. निघताना आई, तू माझ्या हातावर दही घातलंस पण माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला कळलं होतं तुझ्या मनात काय आहे. सगळं कठीण होतं तेव्हा राहिली, आणि आता माणूस उभा राहतोय तर चालली. शाळेची रजा संपली असं मी तुला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आज सांगते.

मी निघाले कारण ६ एप्रिलच्या आत इथे इंग्लंडला येऊन राहिले नसते तर हे घर गेलं असतं.

बाबा, तुम्ही चौतीस वर्षं रेल्वेत काढलीत, तेव्हा तुम्हाला हे क्वार्टरच्या उदाहरणाने लगेच कळेल. माझं घर काउन्सिलचं आहे, म्हणजे नगरपालिकेचं. भाडं बाजारापेक्षा बरंच कमी, आणि कायद्याने मला इथून सहजासहजी काढता येत नाही. पण त्या संरक्षणाला १९८५ च्या कायद्यात एक अट आहे: हेच तुमचं एकमेव किंवा मुख्य राहतं घर असलं पाहिजे. क्वार्टर ज्याच्या नावावर त्यानेच तिथे राहायचं, तसंच. माणूस राहायचा थांबला की संरक्षण गेलं, आणि मग काउन्सिल २८ दिवसांची घर सोडण्याची नोटीस देऊ शकते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला पक्षाघाताचा झटका आला आणि १७ जानेवारीला मी विमानात बसले. तीन आठवड्यांनी परतायचं तिकीट होतं. शाळेत सांगितलं, युनिव्हर्सल क्रेडिटच्या, म्हणजे कमी कमाईच्या लोकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, खात्यात ऑनलाइन नोंद केली. काउन्सिलला मात्र कळवलं नाही, कारण तीन आठवड्यांसाठी काय कळवायचं असं वाटलं. ती माझी चूक. पुढे तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला छातीत कफ झाला, पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि मी तिकीट पुढे ढकललं. मग आणखी एकदा.

इथे काय काय साचत गेलं ते सांगते. माझा पगार अर्ध्या वेळेचा, त्यामुळे भाड्याचा मोठा भाग युनिव्हर्सल क्रेडिटमधून येतो. देशाबाहेर एक महिन्यापर्यंतच ते चालू राहतं. तुम्ही स्वतः किंवा तुमचं मूल उपचारासाठी बाहेर असेल तर सहा महिने, पण आई-वडील आजारी आहेत म्हणून मुदत वाढत नाही. (हा नियम मला आजही पटत नाही. आई-वडील गेले तर त्या महिन्यावर आणखी एक महिना मिळतो, ते जिवंत असताना त्यांच्याजवळ राहायला मिळत नाही.) महिना उलटला, पैसे बंद झाले. शाळेची रजा बिनपगारी होती. भाडं आठवड्याला ९६ पौंड. साठवलेल्यातून थोडं भरलं, बाकी ६४० पौंड थकले.

मग बॉयलरची तपासणी. घरमालकाने वर्षातून एकदा गॅसची तपासणी करायचीच, असा इथला कायदा आहे. त्यांचा माणूस दोनदा आला, दार बंद. पत्रं आली, ती दाराच्या आत पडून राहिली. थकलेलं भाडं, बंद दार, न उघडलेली टपाल, हे सगळं एकत्र पाहिल्यावर त्यांना वाटलं की बाई घर टाकून गेली.

नोटीस तुमच्या नातीला सापडली. शेफिल्डहून ती शनिवार-रविवारसाठी घरी गेली होती. आई, तुला आठवतं का, बाबांना मऊ भात भरवता भरवता तू मला म्हणालीस, "कुणाचा फोन आहे, एवढी का पांढरी पडलीस?" तो तोच फोन होता. ती मला कॅमेऱ्यासमोर एकेक कागद धरून दाखवत होती आणि मी "मैत्रिणीचा आहे" असं तुला सांगितलं.

त्यानंतर रोज दुपारी अडीच वाजता मी गच्चीवर का जात होते, तेही यातच आलं. आपल्याकडे अडीच म्हणजे इथे सकाळचे नऊ, काउन्सिलचे फोन तेव्हा सुरू होतात. बाबांची झोपायची वेळ, तुला घटकाभर पाठ टेकायची वेळ, म्हणून मी ती निवडली होती. चाळीस-पन्नास मिनिटं नुसती वाट पाहायची, मग कुणीतरी उचलायचं आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवायचं. एकदा तू वाळत घातलेले कपडे काढायला वर आलीस आणि मी फोन पाठीमागे लपवला. तुझा चेहरा उतरला होता. माझं काहीतरी वेगळंच चाललं आहे असं तुला वाटलं असणार, आणि तू विचारलं नाहीस. ते आठवलं की मला आजही फार वाईट वाटतं.

खरा धीर दिला तो सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या एका बाईंनी. विनामूल्य सल्ला देणारी संस्था आहे. नातीने वेळ घेतली, मला फोनवर जोडून घेतलं. बाईंनी शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: कामासाठी किंवा आजारपणासाठी लांब गेलं म्हणून ते आपलं राहतं घर नाही असं ठरत नाही. परत यायचा इरादा पक्का हवा आणि तो घरात दिसला पाहिजे: सामान, कपडे, चालू असलेली वीज. दुसरी: नोटिशीची मुदत संपते त्या दिवशी मी त्या घरात राहत असेन तर ती नोटीस लागूच होत नाही. "वाद घालायला पुरावे आहेत," त्या म्हणाल्या, "पण सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही स्वतः आहात. शक्य असेल तर या."

शक्य असेल तर! त्या रात्री मी बाबांच्या खाटेशेजारी बसून दोन्ही बाजूंनी विचार करत राहिले. बाबांना सांभाळायला ठेवलेली ब्युरोची बाई नीट रुळली होती, फिजिओ रोज येत होता, बाबा आठ पावलं चालले होते. म्हणून मनाचा हिय्या केला. पाडवा झाला नसता, बाबा उभे राहिले नसते, तर मी घर जाऊ दिलं असतं, हेही तितकंच खरं आहे.

काकू म्हणाल्या होत्या, "एवढं रिकामं पडलंय तर तीन महिने कुणाला तरी देऊन टाक, भाडं सुटेल." त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं. पण बाबा, क्वार्टर पोटभाड्याने दिलं तर काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. इथे तर २०१३ पासून तो फौजदारी गुन्हा आहे, आणि एकदा सगळं घर दुसऱ्याच्या हाती दिलं की ते संरक्षण कायमचं जातं, परत येऊन राहिलं तरी मिळत नाही. आपण राहत असताना एखादी खोली कुणाला देणं वेगळं. म्हणून काकूंना मी "नको" एवढंच म्हणाले, त्यांना राग आला असेल तर तू समजाव.

तुम्ही म्हणाल, मग सोड ना ते घर, ये कायमची. बाबांनी पाटीवर तेच लिहून दाखवलं होतं: "घर आहे ना इथे." आहे, बाबा. पण हे घर मला कसं मिळालं ते मी तुम्हाला कधी पुरतं सांगितलं नाही. २०१२ मध्ये सहा वर्षांच्या पोरीला घेऊन मी त्या माणसाच्या घरातून बाहेर पडले, तेव्हा "छोटा फ्लॅट मिळालाय" असं तुम्हाला कळवलं होतं. तो फ्लॅट नव्हता. तात्पुरत्या निवाऱ्यातली एक खोली होती, न्हाणीघर तीन कुटुंबांत एक. तिथे चौदा महिने काढले. त्यानंतर ही किल्ली हातात आली. आज इंग्लंडमध्ये १३ लाखांहून जास्त कुटुंबं अशा घराच्या यादीत वाट पाहत आहेत. एकदा सोडलं तर माझ्या वयाला ते पुन्हा मिळेल असं मला वाटत नाही. पोरीचं शिक्षण अजून दीड वर्ष आहे, सुट्टीत तिला यायला दुसरं घर नाही.

आणि तुम्हाला इकडे आणायचं म्हटलं तर जुलै २०१२ पासून तो रस्ता जवळजवळ बंद आहे. रोजच्या साध्या गोष्टींसाठी माणूस लागतो आणि तशी देखभाल तुमच्या देशात मिळूच शकत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. वर पाच वर्षं सरकारी मदतीशिवाय सांभाळू अशी हमी. माझ्या पगारात ती देता येत नाही. मी चौकशी केली नाही असं समजू नका.

आता इथलं सांगते. २८ मार्चला रात्री पोचले. घरात पाय ठेवला आणि ओलीचा वास. जानेवारी-फेब्रुवारीत हीटर बंद, त्यामुळे झोपायच्या खोलीची बाहेरची भिंत खालपासून काळी पडली आहे. ती आधीपासून ओल धरायची, मी दोन वर्षं तक्रार करत होते. या वेळी नव्या कायद्याचा आधार घेतला. रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल अशाच बुरशीच्या घरात श्वासाच्या आजाराने डिसेंबर २०२० मध्ये गेलं. त्याच्या वडिलांनी तक्रार केली होती, कुणी ऐकलं नाही. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे: धोकादायक ओल कळवली की घरमालकाने कामकाजाच्या दहा दिवसांत तपासायची, आणि धोका ठरला की कामकाजाच्या पाच दिवसांत घर सुरक्षित करायचं. एका लेकराचा जीव जावा लागला तेव्हा हे झालं. माझ्याकडे नवव्या दिवशी माणूस आला, भिंतीला यंत्र लावून गेला. बुरशी धुऊन झाली, बाहेरचं प्लास्टर मेमध्ये करणार आहेत. तोवर मी बाहेरच्या खोलीत झोपते, तिथे कोरडं आहे. काळजी करू नकोस.

काउन्सिलची बाई घर पाहायला आली होती. तरुण होती. माझे कपडे पाहिले, डाळींचे डबे पाहिले, देवघरासमोर थोडी थांबली. मी मिरजेच्या डॉक्टरांचं पत्र, दवाखान्याचे कागद, दोनदा बदललेलं तिकीट सगळं टेबलावर ठेवलं. तिने शेवटी विचारलं, "वडील आता कसे आहेत?" त्या सगळ्या महिन्यांत काउन्सिलच्या माणसाने विचारलेला तो पहिला असा प्रश्न होता. मला उत्तर देताच येईना. नोटीस मागे घेतल्याचं पत्र परवा आलं. थकलेलं भाडं आठवड्याला १० पौंड जास्त भरून फेडायचं ठरलं, साधारण सव्वा वर्ष लागेल. युनिव्हर्सल क्रेडिटचा नवा अर्ज केला आहे, पहिले पैसे यायला पाच आठवडे. तुम्ही मला पैसे पाठवायचे नाहीत. बाबांच्या फिजिओचे बंद करून पाठवलेले तर मुळीच नाहीत.

पुढचं ठरवून टाकलं आहे. जुलैच्या शेवटी शाळा सुटली की येते, आणि महिना पुरा व्हायच्या आत परतते. या वेळी काउन्सिलला आधीच लेखी कळवीन, बॉयलर तपासून घेईन, किल्ली शेजारच्या आजींकडे देईन. शिवाय २०२४ पासून इथे घरच्या माणसाची देखभाल करण्यासाठी वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजा हक्काने मिळते, ती दिवाळीसाठी राखून ठेवली आहे. आणि मध्येच काही झालं तर या हिशेबाकडे न पाहता निघेन.

एक मागणं आहे. मी तुमच्यापासून लपवलं, तसं तुम्हीही माझ्यापासून लपवता. आई, तुझा गुडघा सुजलाय हे मला ब्युरोच्या बाईने सांगितलं, तू नाही. यापुढे मी सगळं सांगेन, तूही सांग.

तुमची लेक

ता. क. इथली घड्याळं पुढे गेली आहेत, आता फरक साडेचार तासांचाच. मी संध्याकाळी पाचला घरी येते, तेव्हा तुमच्याकडे साडेनऊ झालेले असतात. बाबा जागे असतील तर फोन त्यांच्या उजव्या हाताला द्या, बोलता आलं नाही तरी चालेल, मी बोलेन.