टोपलीतल्या रुग्णासाठी: पशुसंवर्धन मंत्र्यांना ठाण्याहून खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आवारात लोखंडी खोडा असतो. गाय-बैल, म्हैस तपासायला तो हवाच. पण घोडबंदर रोड, वर्तकनगर किंवा कळव्यातून निघणारा रुग्ण आता बहुधा टोपलीतले मांजर नाहीतर कडेवरचे कुत्रे असते. त्याला कसे धरायचे आणि त्याच्या घरच्यांशी काय बोलायचे, हे सरकारी असो वा खासगी, ज्या-त्या डॉक्टरच्या स्वभावावर सोडलेले आहे. आमचे म्हणणे असे की टाके घालण्यासारखेच हेही शिकवता येते आणि नीट झाले की नाही ते तपासताही येते.

हा प्रश्न केवळ मायेचा नाही, भीतीने निदानच चुकते. घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखर इतकी चढू शकते की एका तपासणीवर मधुमेहाचा शिक्का बसतो. त्यावर इन्सुलिन सुरू झाले तर साखर धोकादायक उतरते. म्हणून लघवीतली साखर पाहावी किंवा फ्रुक्टोसामाइन, म्हणजे मागच्या काही आठवड्यांची साखर सांगणारी रक्ततपासणी, करावी. कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. झटापट करून थर्मामीटर लावला की आकडा वर सरकतो आणि नसलेल्या तापावर अँटिबायोटिक लिहिले जाते.

उपायांना खर्च जवळजवळ नाही. बसायच्या जागी कमरेच्या उंचीवर एक फळी ठोकावी, मांजराची टोपली तिच्यावर ठेवून वर टॉवेल टाकावा. जमिनीवर ठेवलेल्या टोपलीला प्रत्येक कुत्रा नाक लावतो. स्टीलच्या टेबलावर रबरी चटई हवी, कारण पाय घसरला की प्राणी पंजे रोवतो आणि मग चावतो. टोपलीचे वरचे झाकण काढून मांजराला खालच्या अर्ध्या भागातच तपासता येते, मानेची कातडी धरून ओढावे लागत नाही. फार बिथरणाऱ्या मांजराला निघण्याआधी दोन-तीन तास गॅबापेंटिन हे भीती कमी करणारे औषध देता येते. प्रौढ मांजराला ५० ते १०० मिलिग्रॅम, मूत्रपिंड अधू असेल तर कमी, आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. कुत्र्याला मात्र माणसांचे पातळ गॅबापेंटिन देऊ नये. त्यात झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे. कापडी मुसके दोन-चार मिनिटांपुरतेच बांधावे, कारण तोंड बंद असले की कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करता येत नाही. ठाण्याच्या मे महिन्यात, त्यातून पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला, ते जिवावर बेतू शकते.

बोलण्याचेही असेच. पार्व्हो, म्हणजे उलटी-जुलाबाचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, झालेले ५ किलोचे कुत्र्याचे पिल्लू आले आणि ‘सलाईन लावतो, बघू’ एवढेच सांगितले, तर घरचे काय ठरवणार? त्याची रोजची पाण्याची गरजच २५० ते ३०० मिलिलिटर. शरीरातले पाणी १० टक्के घटले असेल तर वर आणखी ५०० मिलिलिटर, शिवाय उलटी-जुलाबातून जाते ते वेगळे. दिवसातून एकदा कातडीखाली १०० मिलिलिटर देऊन घरी पाठवल्याने हे भागत नाही. हा हिशेब, पहिल्या काही दिवसांतला धोका आणि खर्चाचा कमीत कमी व जास्तीत जास्त आकडा कागदावर लिहून द्यावा. पैसे नसतील तर तेही लोक मग मोकळेपणाने सांगतात.

सर्वांत मोठी हेळसांड दयामरणात होते. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग दहा-पंधरा मिनिटे खरोखर थांबणे, पुढच्या पायाच्या शिरेत कॅथेटर (बारीक नळी), थोडे सलाईन ढकलून ते शिरेतच असल्याची खात्री, आणि शेवटी पेंटोबार्बिटोन किंवा थायोपेंटोन या भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. गुंगी न देता, घाईत नुसत्या सुईने टोचले की शीर फुटते, थायोपेंटोन बाहेर उतरून आग होते, प्राणी ओरडतो. घरच्यांच्या कानात तोच आवाज राहतो. पूर्ण बेशुद्धी नसताना हृदय बंद पाडणारे पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट देणे तर उघड क्रौर्य आहे. डोळे उघडेच राहतील, लघवी होईल, हृदय थांबल्यावरही एखादा आचका येईल, हे आधीच सांगावे. नाहीतर ‘तो जिवंत होता’ ही शंका वर्षानुवर्षे जात नाही. बिल आणि संमतीपत्र आधी उरकावे. जवळ थांबायचे की बाहेर, ते घरच्यांनी ठरवावे. स्टेथोस्कोप काही मिनिटे छातीवर ठेवल्याशिवाय ‘गेला’ म्हणू नये. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत एका कुत्र्यासमोर दुसऱ्या कुत्र्याला दयामरण देऊ नये असे लिहिलेले आहे. भटक्या कुत्र्यासाठी ठेवलेली ही बूज पाळीव प्राण्यालाही मिळायला हरकत नसावी.

पदवीचा अभ्यासक्रम भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण शेवटच्या एका वर्षाच्या आंतरवासितेत हाताळणी, वाईट बातमी सांगणे आणि दयामरण यांचा प्रत्यक्ष सराव घ्या, असे आपण महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला सुचवू शकता. पशुधन विकास अधिकारी (सरकारी पशुवैद्यक), व्रणोपचारक (मलमपट्टी करणारे) आणि परिचर यांच्या प्रशिक्षणातही तो हवा. प्राण्याला धरतो तो बहुतेक वेळा परिचरच. सोबत दवाखान्यांसाठी कार्यपद्धतीचे एक पान काढा. एक पान भिंतीवर लागते, चाळीस पानी पुस्तिका कपाटात जाते.

मुंबईत परळच्या मोठ्या पशू-रुग्णालयांचा रस्ता दाखवला जातो, पण ठाण्याची रिक्षा शीवच्या पुढे जात नाही आणि आजारी कुत्रा घेऊन टॅक्सी मिळवणे ज्याने केले त्यालाच कळते. निदान दयामरणासाठी तरी ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात रोज ओपीडी संपल्यावरचा अर्धा तास आणि दार बंद होणारी एक खोली राखून ठेवावी, ही विनंती.

आपले,
ठाणे शहरातील काही पशुवैद्यक आणि त्यांचे सहायक