फिरणारा इन्सर्ट पक्का करून देणाऱ्या मेस्त्रीकाकांस

आदरणीय मेस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

माझ्या मोटरसायकलच्या हेडलाइटभोवतीच्या काउलमधला (प्लास्टिकच्या आवरणातला) सैल झालेला पितळी इन्सर्ट, म्हणजे बोल्टसाठी प्लास्टिकमध्ये रोवलेली आतून आटे असलेली छोटी नळी, आपण पुन्हा पक्का बसवून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. बोल्टला पाना लावला की इन्सर्टही सोबत गरगर फिरे, त्यामुळे बोल्ट ना घट्ट होई, ना बाहेर येई. इतर ठिकाणी मला अख्खा काउल बदलण्याचाच सल्ला मिळाला होता.

आपण मात्र जोर लावण्याआधी कारण शोधलेत. पावसापाण्याने पोलादी बोल्ट पितळेत गंजून बसला होता आणि इन्सर्टच्या बाहेरच्या खाचांना धरून ठेवणारे प्लास्टिक झिजले होते. बोल्टचे डोके पकडीत धरून ड्रिलने उडवायचे, काउल उतरवायचा आणि गंजलेला बोल्ट इन्सर्टसकट बाहेर काढून व्हाइसमध्ये सोडवायचा, हा आपला क्रम मला फार मोलाचा वाटला, कारण त्यामुळे सगळा ताण नाजूक प्लास्टिकऐवजी धातूवर गेला.

त्यानंतर आपण काउलच्या आतल्या बाजूची ‘एबीएस’ ही प्लास्टिकचा प्रकार सांगणारी अक्षरे शोधून वाचलीत. माझ्या मते साऱ्या कामाचे मर्म तिथेच होते. एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, म्हणून त्याच प्लास्टिकच्या तुकड्यांचा घट्ट लगदा करून इन्सर्टच्या घराला गेलेली चीर भरता आली, आणि तो वाळल्यावर इन्सर्टभोवती इपॉक्सीही (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) नीट धरला. आट्यांत इपॉक्सी शिरू नये म्हणून आपण किंचित ग्रीस लावलेला बोल्ट आधीच त्यात फिरवून ठेवलात, काउल गाडीवर तात्पुरता टेकवून भोके एका रेषेत आणलीत आणि पुढचे २४ तास कोणालाही त्याला हात लावू दिला नाहीत. थ्रेडलॉकरने (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायच्या द्रवाने) एबीएसला तडे जाऊ शकतात, तेव्हा तो इथे वापरू नये, हेही आपण आवर्जून सांगितलेत.

पुढे मागच्या मडगार्डचा इन्सर्ट सैल झाला, तेव्हा मी प्रथम अक्षरे पाहिली. तिथे ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) होते, आणि त्या प्लास्टिकला इपॉक्सी धरत नाही. म्हणून किंचित मोठ्या व्यासाचा इन्सर्ट सोल्डरिंग आयर्नने तापवून, आपण सांगितल्याप्रमाणे सरळ आणि सावकाश आत दाबला. तो घट्ट बसला आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी आणीन तेव्हा आपण तो एकदा तपासून पाहावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक ग्राहक