वॉरियरचं डॅमेज कापल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग व गेम डिझाइन विभाग

विषय: ताज्या अपडेटमधले क्लास-बदल आणि सीझन पासचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी सोलापूरचा. तुमच्या गेममध्ये पहिल्यापासून वॉरियर हा क्लास (पात्राचा प्रकार) खेळतो, टँकचं काम करतो, म्हणजे पुढे उभा राहून शत्रूचा मार अंगावर घेतो. या सीझनचा पास विकत घेतला आणि त्यानंतर तुमचं अपडेट आलं: वॉरियरचा बचाव ७५ वरून ८० टक्के, आणि त्या बदल्यात डॅमेज २० टक्के कमी.

तुमचा हिशेब मला कळतो. १०० चा घाव आधी २५ ने लागायचा, आता २० ने लागतो. म्हणजे वॉरियर सव्वापट वेळ टिकतो, मारतो ०.८ पट. गुणाकार बरोबर १. पण हा हिशेब एकास एक लढतीतच खरा ठरतो, जिथे दोघंही मरेपर्यंत एकमेकांवर वार करत राहतात.

डंजनमध्ये, म्हणजे पार्टी मिळून बॉसशी लढते तिथे, तसं कुठे असतं? पाठीशी हेल्थ भरून देणारा हीलर असतो, त्यामुळे टँक आधीही मरत नव्हता. त्याला आणखी टिकाऊ करून पार्टीच्या हाती काय आलं? बॉसला पाडायची वेळ तीच आहे, ती संपली की तो भडकतो आणि सगळ्यांना आडवं करतो. परवा शेवटच्या बॉसचं हेल्थ अगदी चिमूटभर उरलं होतं. मी ढाल धरून उभा, माझं हेल्थ जवळपास भरलेलं, आणि वेळ संपली. आमचा हीलर यंत्रमागावरची पाळी आटपून खेळायला बसतो. माईकवर त्याचा आवाज आला, "काय बे, मरंनाच की हा!" त्यात ॲग्रो (बॉस कोणावर धावणार ते) डॅमेजवरच ठरत असल्यामुळे बॉस मध्येच माझ्यावरून सुटतो आणि मागे उभ्या मेजवर (जादूगारावर) धावतो. म्हणजे टँकचं मूळ कामच तुम्ही कमकुवत केलंत.

पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू) तर मला कोणी मारतच नाही. जो मरत नाही आणि मारतही नाही, त्याला वळसा घालून लोक हीलर गाठतात.

सगळ्यात मोठा अन्याय असासिन या जोरात मारणाऱ्या क्लासला झुकतं माप देऊन झालाय. त्याच अपडेटमध्ये त्याला लाईफस्टील दिलंत. ज्याचं हेल्थ डॅमेजमधूनच भरतं, त्याचं डॅमेज वाढलं की टिकणंही वाढतं. त्याला बदल्यात काहीच सोडावं लागत नाही. जोरात मारणाऱ्याने लवकर मरायचं, हा सौदा त्याच्यासाठी मोडला आणि माझ्याकडून मात्र पूर्ण वसूल केला.

यावर उपाय आधी झालेले आहेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमने २०१० मध्ये टँक जितका मार खाईल तितकी त्याची मारण्याची ताकद वाढवायची सोय आणली होती. तिने नवे प्रश्न उभे केले, पुढे ती काढलीही, पण मार खाण्याच्या कामाला मोल असतं हे तिने मान्य केलं होतं. गिल्ड वॉर्स या गेममध्ये काही स्किल्सचे पीव्हीपी आणि पीव्हीईसाठी (गेममधल्या शत्रूंशी लढतीसाठी) वेगळे आकडे होते. तुम्हीही निदान तेवढं करा.

वॉरियरचं पीव्हीईतलं डॅमेज पूर्ववत करा, असासिनच्या लाईफस्टीलला मर्यादा घाला. हे या सीझनमध्ये होणार नसेल तर माझ्या पासचे पैसे परत करा, कारण त्यातली बहुतेक बक्षिसं बॉस वेळेत पाडण्यावर अवलंबून आहेत. ठरावीक साच्यातलं उत्तर नको, डिझाइन विभागाने हे पत्र वाचून काय ठरवलं ते लेखी कळवा.

आपला,
एक नियमित ग्राहक
साखर पेठ, सोलापूर