काका, तो कापलेला तुकडा जपून ठेवलाय

प्रिय काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्याकडे स्मार्टफोन नाही आणि घ्यायचाही नाही, हे माहीत आहे. त्यामुळे हे पत्र ताई तुम्हाला वाचून दाखवणार. ताई, जरा सावकाश वाच, आणि मधे चहा ठेवायला उठू नकोस. खाजगीत न लिहिता सगळ्यांसमोर लिहितोय, त्याला कारण आहे. दिवाळीच्या सुट्टीत मंडळाच्या हॉलमध्ये पोरांना सिनेमातले तुकडे दाखवले, तेव्हापासून चारचौघांनी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या आपल्या वाड्यात तळमजल्यावर माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक खुर्ची आणि मागं सगळ्या बिऱ्हाडांचे वीजमीटर. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं एडिट करायचो. मग नेत्यांच्या वाढदिवसाचे व्हिडिओ यायला लागले आणि पैसे त्यातच होते. त्या हिवाळ्यात मी इतका कंटाळलो होतो, की सगळं विकून मेव्हण्याच्या फ्लेक्सच्या धंद्यात शिरणार होतो. तुम्ही मीटरचं रीडिंग बघायला खाली आलात आणि माझ्यामागं उभे राहिलात. स्क्रीनवर एक भाऊ होते. नाव लिहीत नाही, पेठेत सगळ्यांना कळेलच. गाडीचं दार उघडतं, बूट जमिनीवर टेकतो, कॅमेरा खालून वर जातो, ढोल वाजतो. मला शॉट आवडला होता.

तुम्ही म्हणालात, "आवाज बंद कर जरा."

केला. आणि काका, सगळं उघडं पडलं. दार उघडायला तीन जण धावत होते, त्यातल्या एकाचा हात दुसऱ्याच्या काखेत अडकला होता. तुम्ही न कापलेलं मूळ फुटेज बघायला मागितलं. जेसीबीच्या बकेटमधून झेंडूची फुलं भाऊंवर उधळायची होती, पण ती ओली झाल्यानं गठ्ठ्यानं खाली आली आणि त्यांच्याबरोबर पोतंही आलं. भाऊंचा गॉगल गेला. चेहऱ्यावर हसू तसंच, ओठावर एक पाकळी, आणि उजवा हात हवेत गॉगल शोधतोय. अडीच सेकंद. ते मी कापून टाकले होते. तुम्ही खोकला लागेपर्यंत हसलात आणि म्हणालात, "अरे, सगळ्या पिक्चरमध्ये तेवढाच माणूस आहे!"

हे तुम्हाला कसं दिसलं, ते नंतर कळलं. लक्ष्मी रोडजवळच्या टॉकीजमध्ये तुम्ही ऑपरेटर होता. मशीनरूमच्या चौकोनी काचेतून पडदा बघायचा, दोन मशीनची घरघर कानात, आणि आतला स्पीकर असा की गाणं कुठलं तेही ओळखू येऊ नये. वीस-वीस मिनिटांचं रीळ, वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं मशीन चालू करायचं. तीस वर्षं तुम्ही बोलपट मूकपटासारखे पाहिलेत. "डायलॉग मला पब्लिककडून कळायचे," असं तुम्ही म्हणायचात.

मग दर गुरुवारी संध्याकाळी तुमच्या खोलीत माझा लॅपटॉप, तुमची सुपारी आणि एक सिनेमा. सुरुवात चॅप्लिनच्या 'द ग्रेट डिक्टेटर'नं झाली. मला वाटलं होतं, मिशीवरून चार विनोद असतील. चॅप्लिन आणि हिटलर १८८९च्या एप्रिलमध्ये चार दिवसांच्या अंतरानं जन्मले, हे मीच मोठ्या उत्साहानं सांगितलं. तुम्हाला त्यात रस नव्हता. तुम्ही खुर्च्यांपाशी थांबलात.

हिंकेलला, म्हणजे चॅप्लिननं केलेल्या हिटलरछाप हुकूमशहाला, पाहुणा हुकूमशहा नापालोनी याला खाली दाखवायचंय. बेत असा, की पाहुण्यानं एवढा लांबलचक हॉल चालत यावं आणि मग बुटक्या खुर्चीत बसून मान वर करून बोलावं. नापालोनी येतो तो मागच्या दारानं, पाठीत धपाटा घालतो आणि खुर्ची सोडून सरळ टेबलावर बसतो. पुढं दोघं दाढीच्या खुर्च्यांवर शेजारी बसतात, तेव्हा एक जण खुर्ची चढवतो, की दुसराही चढवतो. छताकडे चाललेत दोघं, आणि गप्पा मात्र सुरूच. तुम्ही ते चार वेळा मागं घेतलंत. "बघ, कुणाला काही बोलायची गरज पडली का? खुर्चीची उंची बदलली, झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. हुकूमशहा स्वतःला चित्रांतूनच उभा करतो. उंच चौथरा, लांब हॉल, एका रांगेत हजार बूट, खालून वर जाणारा कॅमेरा. मग त्याला पाडायचं तर शिव्या देऊन काय होणार? मापात फरक करायचा. चौथरा एक वीत जास्त उंच करायचा.

त्याच सिनेमात रस्त्यावरच्या पुतळ्यांनी सलामीसाठी हात वर केलेले आहेत. व्हीनसनं आणि विचार करत बसलेल्या त्या प्रसिद्ध पुतळ्यानंही! विचार करणाऱ्यालाही सलामीला लावलंय, आता तो विचार कधी करणार? ते दोन सेकंदांत निघून जातं, मी एकट्यानं पाहताना दोनदा हुकवलं होतं. भाषणात मायक्रोफोन त्याच्या ओरडण्यानं मागं वाकतो, ते मात्र कुणालाही दिसतं.

पृथ्वीच्या फुग्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, म्हणून मी फक्त तुम्ही दाखवलेली सांधजागा सांगतो. वाग्नरच्या संगीतावर हिंकेल फुगा हातानं, डोक्यानं, पार्श्वभागानं उडवतो आणि तो फुटतो. लगेच पुढच्या दृश्यात गरीब न्हावी ब्राम्सच्या तालावर गिऱ्हाईकाची दाढी करतो. तोच नट, तसाच हातांचा नाच. पण एकाच्या हातात जग आहे आणि ते फुटतं, दुसऱ्याच्या हातात उघडा वस्तरा आहे आणि कुणाला ओरखडाही येत नाही. "वस्तरा कुणाच्या हातात द्यावा, ते बघ," इतकंच म्हणालात. हा सिनेमा १९४०चा, म्हणजे युद्ध पेटलेलं असताना केलेला.

शेवटच्या भाषणावरून आपलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं, "तिथं ऑपरेटर चहा पिऊन येतो. कट नाही, काही नाही." मला अजूनही वाटतं, की दोन तास ज्या माणसानं हातापायांनी सगळं सांगितलं, त्यानं शेवटी कॅमेऱ्याकडे बघून सरळ बोलणं ही त्याची हतबलता आहे, आणि ती मला आवडते. चॅप्लिननं आत्मचरित्रात लिहिलंय, की छळछावण्यांतलं खरं भीषण रूप तेव्हा माहीत असतं, तर आपण हा सिनेमा करूच शकलो नसतो. हे वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ सुपारी कातरत बसलात. मग म्हणालात, "बरं झालं माहीत नव्हतं." त्यावर मी अजून विचार करतोय.

माझ्या धंद्याला सगळ्यात उपयोगी पडला तो दोन मिनिटांचा एक तुकडा. हिटलरच्या पक्षाच्या १९३४च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावरचा 'ट्रायम्फ ऑफ द विल' आपण आधी थोडा पाहिला. विमान ढगांतून खाली येतं, जणू देवच उतरतोय. (माझ्या भाऊंच्या व्हिडिओत ढगांऐवजी ड्रोन, बाकी तेच.) मग तुम्ही म्हणालात, आता याचीच चेष्टा बघ. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश माहिती खात्यातल्या चार्ल्स रिडलीनं हेच फुटेज घेतलं आणि पाय ताठ उचलून चालणाऱ्या सैनिकांचे शॉट पुढं-मागं, पुढं-मागं फिरवले, 'लॅम्बेथ वॉक' या नाचाच्या चालीवर. एकही नवा शॉट नाही. त्यांच्याच कवायतीचा त्यांच्याच पायांनी तमाशा! मी रोज वापरतो ते रिव्हर्सचं बटण असं वापरता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. मेव्हण्याला सकाळी फोन करून नाही सांगितलं.

मार्क्स बंधू या विनोदी नटांचा १९३३चा 'डक सूप' तुम्हाला तितकासा आवडला नाही, फार बोलतात म्हणून. पण शेवटच्या लढाईत त्यांच्यातल्या ग्राउचोचा गणवेश शॉटगणिक बदलतो, तिथं तुम्ही ताठ बसलात. आता अमेरिकन यादवी युद्धातला उत्तरेचा सैनिक, आता दक्षिणेचा, मधेच बालवीरांचा म्होरक्या. आमच्याकडे याला कंटिन्यूटीची चूक म्हणतात आणि गिऱ्हाईक पैसे कापतं. इथं चूकच विनोद आहे, कोट कुठलाही घाला, खंदकातला वेडेपणा तोच. भर लढाईत तो आपल्याच माणसांवर मशीनगन चालवतो, आणि हे लक्षात आणून देणाऱ्यालाच गप्प राहायला पाच डॉलर देतो.

अणुयुद्धाची चेष्टा करणाऱ्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'वेळी मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली, आणि तुम्हाला ती माहीत नव्हती, याचा मला अजून आनंद आहे. युद्धकक्षातल्या त्या प्रचंड गोल टेबलावर दिग्दर्शक कुब्रिकनं हिरवं कापड घालायला लावलं होतं. सिनेमा कृष्णधवल, रंग कुणाला दिसणार? पण नटांना वाटलं पाहिजे, की आपण पत्त्यांच्या टेबलाशी बसून जगाचा डाव खेळतोय. आणि सिगार ओढणारा तो जनरल! कॅमेरा त्याच्या हनुवटीखाली, म्हणजे मी भाऊंसाठी लावतो त्याच कोनात. फक्त कुब्रिक तिथून हलत नाही. तीन सेकंद ठेवला तर शूर दिसतो, तीस सेकंद ठेवला तर वेडा.

एकदा मात्र मी तुम्हाला हरवलं. सत्यजित राय यांचा १९८०चा 'हीरक राजार देशे'. बंगाली दोघांनाही येत नाही, म्हणून तुम्ही खुशीत आवाज बंद केलात. पुतळ्याच्या गळ्यात दोर, सगळी प्रजा ओढतेय, आणि स्वतः राजाही येऊन आपलाच पुतळा ओढू लागतो, कारण लोकांची डोकी धुण्याचं त्यानं बनवून घेतलेलं यंत्र त्याच्यावरच चालवलेलं असतं. तुम्ही टाळी दिलीत. मग मी आवाज लावला. त्या राज्यात सगळे यमक जुळवून बोलतात, एकटा शाळामास्तर साध्या गद्यात बोलतो. भाषा कळत नसतानाही ते कानाला कळतं. तुम्ही म्हणालात, "हं. हे मशीनरूममधून नसतं दिसलं." तुमच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

मग वाडा पाडायला काढला आणि तुम्ही ताईकडे नाशिकला गेलात. निघताना घाईत आभार मानायचे राहिले. खरं म्हणजे राहिले नाहीत, तुम्ही मानू दिले नाहीत, "रिक्षा थांबलीय" म्हणालात. रिक्षा आली नव्हती, काका. मी फाटकाशीच उभा होतो.

तर आता मंडळाच्या हॉलमधली गोष्ट. तीसेक पोरं सतरंजीवर. खुर्च्यांचा प्रसंग लावला, आवाज बंद ठेवून. पोह्यांचा खर्च भाऊंनी दिला होता, हो, तेच आपले भाऊ. म्हणून ते प्रमुख पाहुणे, आणि मांडववाल्यानं त्यांच्यासाठी लग्नातली लाल मखमली खुर्ची आणून पोरांच्या शेजारी मांडली. ती इतकी उंच, की भाऊंचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पडद्यावर दोन खुर्च्या वर चढायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं पडद्याकडे बघितलं, मग भाऊंच्या लोंबत्या बुटांकडे, मग माझ्याकडे. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. पण तोवर तिच्या शेजारचा, त्याच्या शेजारचा, अशी रांगच्या रांग फिसफिसायला लागली. कार्यकर्ते पोरांकडे डोळे वटारून बघू लागले.

भाऊंनी खाली वाकून स्वतःचे पाय बघितले. मग उठले, खुर्ची मागं सरकवली आणि मांडी घालून सतरंजीवर बसले, त्या मुलीच्या शेजारी. त्यांना कळलं होतं का नुसते पाय अवघडले होते, हे मी सांगू शकत नाही. पोह्यांची पहिली डिश तिला मिळाली, एवढं खरं.

ताई, कुरिअरनं पेनड्राइव्ह पाठवलाय. त्यात दोन फायली आहेत. पहिली जेसीबीची, अडीच सेकंदांची. दुसरी मंडळाच्या हॉलची, मोबाइलवर घेतलीय, जरा हललीय. दोन्हींना आवाज ठेवलेला नाही, तेव्हा टीव्ही बिघडलाय असं समजून काकांना उठवू नकोस.

तुमचा,
तळमजल्यावरचा