मेन स्विच बंद, तरी मीटर चालूच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वीजबिल कमी करण्याच्या सूचना तुमच्या पुरवणीत वाचल्या. खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करा, चार्जर काढून ठेवा, फ्रिजचं दार सारखं उघडू नका. त्यात चुकीचं काही नाही. पण हे सगळं पाळूनही ज्यांचं बिल दुपटीने येतं, अशा भाडेकरूंबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी त्यांच्यापैकी एक आहे, म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलं तर क्षमा असावी, पण आकडे गाळून ते लिहिता येणार नाही.

मी २२ वर्षं परिचारिका आहे. घरी म्हातारी आई आणि नववीतला मुलगा. आधीच्या भाड्याच्या घरात आमचं बिल महिन्याला ११८ युनिटच्या आसपास यायचं. नव्या घरात मालकांचा फ्रिज होता, म्हणून आमचा विकून टाकला. बाकी माणसं तीच, पंखे तेवढेच, सवयी त्याच. पहिलं बिल आलं २६२ युनिटचं. दुसरं २७१, तिसरं २५९.

अशा बिलाचा पहिला परिणाम खिशावर होतो असं वाटतं. आमच्याकडे तो माणसांवर झाला. मी मुलावर ओरडले. तो म्हणाला, आजी दिवसभर पंखा लावून बसते. आईने ते ऐकलं. चार दिवसांनी रात्रपाळी संपवून सकाळी उशिरा घरी आले, तर आई उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून पदराने वारा घेत बसलेली. पाठीवर ब्लाउज भिजून चिकटलेला, ओठ कोरडे. नाडी पाहिली, १०४. पंखा बंद. म्हणाली, "मी एकटीच तर होते. एकटीसाठी कशाला?"

साधा छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. चार तास चालला तर ०.३ युनिट. वय झालं की तहान लवकर कळत नाही, घाम येऊनही अंग लवकर निवत नाही, हे मी रोज वॉर्डात बघते. आणि माझीच आई ०.३ युनिट वाचवायला तापत बसली होती, तेही मी केलेल्या आरडाओरड्यामुळे.

त्या दिवशी ठरवलं, घरातल्या माणसांवर संशय घ्यायचा नाही, मोजायचं. आमच्या कामात ताप, नाडी, रक्तदाब, पोटात किती गेलं, बाहेर किती पडलं, सगळ्याचा तक्ता असतो. तसाच एक मीटरचा केला. रात्री १० ला एक आकडा, सकाळी ६ ला दुसरा. मी कामावर असेन तेव्हा मुलगा लिहायचा. या आठ तासांत घरात फक्त दोन पंखे आणि फ्रिज. पंख्यांचे १.२ युनिट, चांगल्या फ्रिजचा अर्धा धरला तरी पावणेदोनच्या आत बसायला हवं. तक्त्यात रोज तीनच्या आसपास.

फ्रिजचा दोष लवकर सापडला. दारात कागदाचा तुकडा धरून दार लावायचं आणि कागद ओढून बघायचा. रबर चांगलं असेल तर तो अडतो. आमचा खालच्या कोपऱ्यात अलगद सुटून हातात आला. रबर कडक होऊन तिथे फट पडली होती. थंडावा बाहेर जायचा आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नसे. पण एवढ्याने सगळा हिशेब जुळत नव्हता.

मग योग असा आला की आम्हाला तिघांना दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं. फ्रिज रिकामा केला, दार उघडं ठेवलं, मेन स्विच खाली ओढला, आकडा लिहिला, कुलूप लावलं. परत आल्यावर पिशव्या घेऊन आधी जिन्याखालच्या मीटरपाशी गेले. आकडा ७.६ युनिटने पुढे गेलेला. कुलूपबंद घर, मेन बंद, आणि साडेसात युनिट.

माझ्याच वाटणीच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकत होता. त्याच्याखाली बारीक अक्षरात ३२०० असं छापलेलं होतं. म्हणजे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. वरचा मेन अजून बंदच होता. मी पायरीवर बसले, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि नाडी मोजतो तसे ठोके मोजले. मिनिटभर नाही, दहा मिनिटं, कारण ठोका नऊ-साडेनऊ सेकंदांनी एकदा पडत होता. दहा मिनिटांत ६४. तासाला ३८४. भागिले ३२००, म्हणजे तासाला ०.१२ युनिट. माझ्या मीटरवर कुठेतरी १२० वॉट अखंड जळत होते आणि ते माझ्या घरात नव्हते.

मान वर केली तर जिन्यात एक पिवळा बल्ब आणि गच्चीच्या दाराशी दुसरा. दोन्ही साठ-साठचे, जुन्या पद्धतीचे, दिवसाही चालू. मी येता-जाता रोज ते बघत होते आणि एकदाही मनात आलं नव्हतं. संध्याकाळी पुन्हा जाऊन बसले. थोड्या वेळाने लाल दिवा एकाएकी सेकंदाला एक अशा चालीने लुकलुकायला लागला आणि त्याच क्षणी तळमजल्यावरून पंपाची घरघर सुरू झाली. तासाभराने पंप थांबला, दिव्याची चाल पूर्वीसारखी झाली.

दोन बल्ब चोवीस तास म्हणजे दिवसाला २.८८ युनिट. पंपाचं साधारण ०.९. महिन्याला दोन्ही मिळून ११३. उरलेल्या वाढीतलं बहुतेक फ्रिजच्या त्या फटीतून जात होतं. संपूर्ण इमारतीचं पाणी आणि सगळ्यांच्या जिन्यातला उजेड यांचं बिल एक परिचारिका, एक म्हातारी आणि एक शाळकरी मुलगा भरत होते. आणि पंखा आमची म्हातारी बंद करत होती.

मालक वाईट माणूस नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. वयाने मोठे आहेत, मी त्यांना काकाच म्हणते. तक्ता पुढे ठेवला तेव्हा ते चपापले. पूर्वी वरच्या मजल्यावर ते स्वतः राहायचे. तेव्हा वायरमनने जिन्याची आणि पंपाची लाइन याच मीटरवरून, मेन स्विचच्या आधी जोडून दिली होती. पुढे ते खाली आले, वर भाडेकरू आले, जोडणी तशीच राहिली. माझ्याआधी दोन कुटुंबं राहून गेली. त्यांनीही हे भरलं असणार आणि आपापल्या घरातल्या माणसांवर ओरडून झालं असणार.

काकांनी लाइन स्वतःच्या मीटरवर घेतली. मग आठवड्याभरात जिन्यातले दोन्ही पिवळे बल्ब जाऊन ९ वॉटचे एलईडी आले, आणि दिवसा ते बंद असतात. याबद्दल मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण सगळ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे असं मला वाटतं. बल्ब बदलणं त्यांच्या हातात होतं आणि बिल माझ्या हातात. ज्याला बदल करता येतो त्याला झळ लागत नाही. ज्याला झळ लागते त्याला साधा होल्डरही बदलायला विचारावं लागतं. फ्रिजचं तेच. गिझरचं तेच. साठवणीच्या गिझरचा थर्मोस्टॅट बिघडला की पाणी नको तितकं तापतं, आणि तेवढा जादा वेळ दोन हजार वॉट जळत राहतात. तो उघडून दुरुस्त करायचा अधिकार भाडेकरूला नाही. स्वतःच्या पैशाने करायचा म्हटलं तरी उद्या घर सोडताना तो भिंतीवरच राहणार.

अर्थतज्ज्ञ याबद्दल निदान तीस वर्षं लिहीत आले आहेत. काही देशांनी त्यावर नियमही केले. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून, ऊर्जेच्या दर्जात ('ए' सर्वांत चांगला, 'जी' सर्वांत वाईट) 'ई'पेक्षा खाली असलेलं घर, ठरावीक सवलती सोडल्या तर, नव्या भाडेकरूला देता येत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२५ पासून सर्वांत खालच्या 'जी' दर्जाचं घर नव्या भाडेकराराला योग्य मानलं जात नाही. म्हणजे 'बिल भाडेकरूचं, त्याचं तो बघेल' एवढं म्हणून मालकाला हात झटकता येऊ नयेत, हे मान्य झालेलं आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या कामातली. फुप्फुसांच्या जुन्या आजारात रक्तातला ऑक्सिजन फार कमी झाला की काही रुग्णांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते दिवसातून किमान १५ तास लावा, असं आम्ही घरी सोडताना बजावतो. ही संख्या मनची नाही. १९८०-८१ मधल्या, रुग्णांवर केलेल्या दोन महत्त्वाच्या चाचण्यांतून ती आली आहे. लहान मशीन साधारण ३५० वॉट घेतं, १५ तासांचे सव्वापाच युनिट. तपासणीला आलेल्या एका आजोबांना विचारलं, किती तास लावता? म्हणाले, "रात्री झोपताना लावतो, सिस्टर. घर भाड्याचं आहे, मालक बिलावरून बोलतात." आमच्या जिन्यातले दोन बल्ब आणि तो पंप दिवसाला पावणेचार युनिट खायचे. तेवढ्यात त्या आजोबांचं मशीन पावणेअकरा तास चाललं असतं. हे गणित केल्यापासून मला ते बल्ब डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीची तऱ्हा वेगळी आहे. तिच्याकडे एका मोठ्या मीटरवर पाच खोल्या. प्रत्येकीला छोटा मीटर, आणि मूळ बिल कुणालाच दाखवलं जात नाही. जिथे विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो तिथे पाच घरांची बेरीज एका बिलात आली की सगळेच वरच्या टप्प्यात जातात. एकटीने जेमतेम वापरणारीही महागातला दर भरते. ती बिल बघायला मागत नाही. खोली जाईल अशी तिला भीती वाटते. मी तिला 'माग' असं सांगू शकत नाही, कारण मलाही तीच भीती तीन महिने वाटली होती.

म्हणून मला वाटतं, हे भांडणाच्या वेळी नाही, किल्ली हातात घेतानाच व्हायला हवं. भाडेकरारात चार ओळी पुरतील. त्या दिवशीच्या मीटरचा आकडा आणि फोटो. मेन स्विच बंद करून दोघांनी मिळून पाच मिनिटं मीटर पाहिला, आणि पंप, जिना वगैरे नेहमीच्या गोष्टी चालू असूनही ठोके पडले नाहीत, अशी नोंद. मालकाच्या वस्तूंची यादी आणि त्या बिघडल्या तर दुरुस्ती कोणी, किती दिवसांत करायची. आणि छोटा मीटर असेल तर मूळ बिल दर वेळी दाखवायचं. जुना मीटर असेल तर लाल दिव्याऐवजी आडवी चकती फिरते. मेन बंद केल्यावर ती थांबली पाहिजे, एवढाच फरक. एक विनंती मात्र, मीटरच्या पेटीत हात घालू नका. नुसतं बघायचं आणि मोजायचं. वायरीचं काम वायरमनचं.

बिलावर 'सरासरी' किंवा 'अंदाजे' असं लिहिलंय का तेही बघावं. मीटर वाचलाच नसेल तर दोन-तीन महिने बिल कमी येतं आणि मग सगळं एकदम अंगावर येतं. माझ्या बाबतीत तसं नव्हतं, पण आधी ते तपासूनच मी पुढे गेले.

आमचं गेल्या महिन्याचं बिल १२३ युनिटचं आलं. फ्रिजचं रबर काकांनी बदलून दिलं. मुलगा अजून रोज रात्री १० ला आकडा लिहितो. आता सांगावं लागत नाही. आई पंखा लावते, पण मी घरात शिरले की आधी रेग्युलेटरकडे बघते आणि मग माझ्याकडे. ते जायला वेळ लागेल.

राहिले मागचे तीन महिने. ११३ प्रमाणे ३३९ युनिट. काका म्हणाले, "पुढचं मी नीट केलं ना, मागचं आता सोडून द्या." मी नम्रपणे नाही म्हटलं आहे. ते पैसे भाड्यात वळते करावेत असं लिहून, तक्त्याची प्रत जोडून त्यांना दिलं आहे. त्याचं उत्तर यायचं आहे. करार संपायला थोडेच महिने उरले आहेत आणि तो पुढे चालू राहील की नाही हे त्या उत्तरावर ठरेल, याची मला कल्पना आहे.

तुमच्या पुरवणीत घर भाड्याने घेताना काय बघावं याविषयी मजकूर येतो. त्यात पाण्याचा दाब, खिडक्या, ओल यांच्याबरोबर मीटरपाशी पाच मिनिटं बसा, एवढी ओळ घालावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक परिचारिका

(नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये.)