व्हिडिओत न दिसलेले ऑटावा

ऑटावा, 24 फेब्रुवारी 2022

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

‘अख्खा कॅनडा लसीविरुद्ध पेटून उठला’ असे सांगणारा, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. त्यात दिसणारी, संसदेपुढची वेलिंग्टन स्ट्रीट आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे, म्हणून जे पाहिले ते सविस्तर लिहितो.

अमेरिकेतून परतणाऱ्या ज्या ट्रकचालकांनी कोविडची लस घेतलेली नाही, त्यांनी विलगीकरणात राहावे, असा नियम 15 जानेवारीपासून लागू झाला. त्याच्या निषेधात निघालेला ट्रकचा ताफा महिनाअखेरीस इथे येऊन थडकला आणि संसदेसमोर तीन आठवडे ठाण मांडून बसला. सीमेपार जाणाऱ्या बहुतेक चालकांनी लस आधीच घेतली होती आणि ट्रकमालकांच्या देशव्यापी संघटनेलाही हा प्रकार मान्य नव्हता, पण त्या व्हिडिओत याचा उल्लेखही नाही. भोंगे तर इतके वाजत की ओट्यावर पालथे घातलेले पेले किणकिणत आणि डिझेलचा वास बंद खिडकीतूनही आत येई. 7 फेब्रुवारीला न्यायालयाने भोंग्यांना मनाई केल्यावर कुठे आम्हाला झोप लागू लागली.

गंमत अशी की त्याच रस्त्यावर मुलांना उड्या मारण्यासाठी हवा भरलेला किल्लाही उभारला होता. फोनवर कोणी तेवढाच दाखवून ‘ही तर जत्रा’ म्हणे, तर कोणी द्वेषाचे झेंडे दाखवून सगळ्यांनाच त्या पंगतीत बसवी. 13 तारखेला मात्र शहरातल्या बिलिंग्ज ब्रिजजवळ मूठभर रहिवासी ताफ्याच्या गाड्यांसमोर उभे राहिले आणि एकमेकांना निरोप जाताजाता त्यांचे शेकडो झाले. झेंडे आणि डिझेलचे कॅन काढून घेतल्यावरच काही गाड्यांना वाट मिळाली. दुसऱ्याच दिवशी सरकारने आणीबाणीचा कायदा लावला, तो काल मागे घेतला.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी लसीच्या बाजूने आहे, सक्तीबद्दल मात्र मन तितके निःशंक नाही. आमच्या मजल्यावरचा एक सरकारी कर्मचारी लस न घेतल्यामुळे बिनपगारी रजेवर आहे. तो भोंगे वाजवायला गेला नाही, उलट त्यांच्यावर आमच्याइतकाच वैतागला होता. पण समाजमाध्यमांवर त्याने आपली अडचण मांडताच दोन्हीकडच्यांनी त्याला झोडपले. लसीची भीती वेगळी आणि सक्तीचा राग वेगळा, हे ऐकून घ्यायची तिथे कोणाची तयारी नव्हती. देवी टोचणारा गावात आला की आजीला कणगीमागे लपवत असत, हे तुम्हीच सांगितले होते ना? तिला काही कोणी देशद्रोही म्हटले नसेल.

गेल्या वर्षी दोन डोस झाल्याखेरीज लोकलचा पास मिळत नव्हता, तेव्हा दादाने कुरकुर करत का होईना, डोंबिवलीत रांग लावलीच. त्याच्या डब्यातले लोक याबद्दल काय बोलत, ते त्याला विचारून कळवा. आणि तो व्हिडिओ ज्या काकांनी तुम्हाला पाठवला, त्यांना हे पत्र अवश्य वाचून दाखवा.

आपला,
सुहास